लघुकथेच्या कथानकाचे अध्यापन : अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर येथील तीन उदाहरणांच्या आधारे

१. प्रश्नाचे स्वरूप

'अमुक कथेच्या कथानकाचे परीक्षण करा' ह्या प्रश्नाच्या उत्तरादाखल पुष्कळदा त्या कथेचा सारांशच लिहिला जातो. विद्यार्थी कथेतील घटना ओळीने सांगतो, शेवटी 'कथानक उत्कंठावर्धक आहे' अथवा 'कथानक एकसूत्री आहे' असा अभिप्राय जोडतो आणि परीक्षण पुरे झाले असे मानतो. थोडी अधिक तयारी केलेला विद्यार्थी आरंभ, संघर्ष, विकास, उत्कर्षबिंदू आणि शेवट अशी पाच घरे आखतो व कथेतील घटना त्यांत भरतो. पहिल्या प्रकारात कथा पुन्हा एकदा, परंतु मूळ लेखकाहून निकृष्ट रीतीने, सांगितली जाते. दुसऱ्या प्रकारात तिचे तुकडे पाडले जातात. दोहोंपैकी कशासही विश्लेषण म्हणता यावयाचे नाही.

ह्याचा सर्व दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पात्राकडे बोट दाखविता येते, भाषेचा नमुना उद्धृत करता येतो, वातावरणाचे वर्णन कोणत्या परिच्छेदात आहे हे सांगता येते. कथानक मात्र असे एका ठिकाणी सापडत नाही. घटना कागदावर असतात. त्यांना एकत्र बांधणारा संबंध दोन घटनांच्या मध्ये असतो आणि तो पुष्कळदा लिहिलेला नसतो. असा संबंध डोळ्यांना दिसत नाही, तो प्रश्न विचारूनच हाती येतो. म्हणून कथानकाचे अध्यापन म्हणजे व्याख्या सांगणे नव्हे. योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारावयास शिकविणे होय.

असे चार प्रश्न प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहेत. दोन घटनांमधील दुवा कोणता, कोणती घटना वगळली असता कथा मोडते, घटना घडल्याचा क्रम आणि सांगितल्याचा क्रम ह्यांत अंतर का पडले, आणि कथेतील कारणाचे कर्तृत्व कोणाकडे दिले आहे, हे ते चार प्रश्न होत. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तीन लगतच्या शहरांतील साहित्य त्यांच्या स्पष्टीकरणासाठी घेतले आहे. असे परिचित साहित्य प्रथम हाती घेण्याचे एक कारण आहे. नामवंत लेखकाच्या कथेपुढे विद्यार्थी दबून जातो व तिच्यावरील तयार उत्तर शोधू लागतो. गावातील आख्यायिकेवर अथवा पुराच्या वृत्तांतावर मार्गदर्शिका लिहिली गेलेली नसते. तेथे त्याला स्वतःच विचार करावा लागतो.

२. परिभाषेचा इतिहास

मराठीत 'संविधानक' हा शब्द प्रथम नाट्यचर्चेत रुळला व पुढे कथा-कादंबरीच्या चर्चेतही वापरला गेला. ही गोष्ट अर्थपूर्ण आहे, कारण कथानकाविषयीचे प्राचीन विवेचन मुख्यतः नाटकाच्या निमित्तानेच झालेले आहे. भरताने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले. ॲरिस्टॉटलने कथानकाला शोकात्मिकेचा आत्मा म्हटले. एकाने शरीर म्हणावे व दुसऱ्याने आत्मा, ह्या भेदात दोन परंपरांमधील मोठा फरक सामावला आहे. भरताच्या दृष्टीने इतिवृत्त हे रसाचे अधिष्ठान होय. ॲरिस्टॉटलच्या दृष्टीने घटनांची रचना हीच परिणामाचे मूळ होय.

वर उल्लेखिलेली पाच घरांची आकृती जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग ह्याने १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नाट्यतंत्रावरील ग्रंथातून आली. ती पंचांकी नाटकाच्या अभ्यासातून सिद्ध झाली होती. चार-पाच पृष्ठांच्या लघुकथेला ती जशीच्या तशी लावली, म्हणजे अनेकदा दोन घरे रिकामी राहतात व विद्यार्थी ती भरण्यासाठी कथेत नसलेला संघर्ष कल्पितो. भारतीय परंपरेतील पाच संधी, म्हणजे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण, हेही नाटकासाठीच सांगितले आहेत. परंतु त्यांच्या नावातच एक उपयुक्त सूचना आहे. संधी म्हणजे सांधा. घर भरावयाचे असते, सांधा तपासावयाचा असतो. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति व फलागम ह्या कार्याच्या अवस्था आणि बीज, बिंदू, पताका, प्रकरी व कार्य ह्या अर्थप्रकृती जेथे एकमेकींशी जोडल्या जातात, तेथे लक्ष द्यावे, असा ह्या विवेचनाचा रोख आहे. लघुकथेच्या अभ्यासकाने त्यातील संख्या सोडून देऊन हा रोख तेवढा घ्यावा.

विसाव्या शतकात दोन भेद विशेष उपकारक ठरले. रशियन रूपवादी समीक्षकांनी, घटना ज्या क्रमाने घडल्या असतील तो घटनाक्रम आणि लेखकाने त्या ज्या क्रमाने व ज्या रीतीने मांडल्या ती रचना, ह्या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. इ. एम. फॉर्स्टर ह्याने १९२७ मधील आपल्या व्याख्यानांत राजा आणि राणी ह्यांच्या मृत्यूचे सुप्रसिद्ध उदाहरण देऊन, केवळ कालक्रमाने जोडलेल्या दोन मृत्यूंची गोष्ट होते आणि दुसरा मृत्यू पहिल्याच्या दुःखाने झाला असे सांगितले की कथानक होते, असे दाखविले. पहिल्या भेदाने क्रमाकडे लक्ष जाते, दुसऱ्याने कारणाकडे. अध्यापनात कारणापासून आरंभ करणे सोयीचे असते.

३. अंबरनाथ : घटनांमधील दुवा

अंबरनाथ येथील शिवमंदिर शिलाहारकालीन आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल दिलेला असून शिलाहार राजा माम्वाणी ह्याचा उल्लेख आहे. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात जावे लागते, आणि ह्या गर्भगृहावर आज शिखराचे आच्छादन नाही. वर आकाश दिसते. ह्या मंदिराविषयी सांगितली जाणारी आख्यायिका अशी की, वनवासात असताना पांडव येथे एका रात्रीपुरते राहिले, त्या रात्रीत त्यांनी मंदिर उभारावयास घेतले, परंतु छत पुरे होण्यापूर्वीच उजाडले; म्हणून गर्भगृह उघडे राहिले.

शिलालेख व आख्यायिका वर्गात शेजारीशेजारी ठेवाव्यात. शिलालेखात काल आहे, राजा आहे, कार्य आहे. इतिहासाच्या दृष्टीने तोच प्रमाण. तथापि त्यात कथानक नाही. आख्यायिकेला ऐतिहासिक प्रामाण्य नाही; तरीही तिच्यात कथानक आहे. हा फरक कोठून आला, असे विद्यार्थ्यांस विचारावे. बहुधा पहिले उत्तर 'पांडवांमुळे' असे येते. पांडवांच्या जागी कोणी अनाम गवंडी घातले तरी कथानक टिकते, हे दाखविले म्हणजे ते उत्तर मागे पडते. फरक 'म्हणून' ह्या एका शब्दात आहे. आख्यायिका डोळ्यांसमोरच्या एका विलक्षण गोष्टीपासून, उघड्या छतापासून, निघते आणि मागे जात जात तिचे कारण शोधते. तिची रचना शेवटाकडून आरंभाकडे झालेली असते. एडगर ॲलन पो ह्याने १८४६ च्या आपल्या निबंधात शेवट दृष्टीसमोर ठेवूनच रचना करावी, असे प्रतिपादन केले. लोकपरंपरेने हे तंत्र कोणाच्याही उपदेशावाचून आत्मसात केले होते. बदलापूर ह्या नावाची, घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, ही प्रचलित लोकव्युत्पत्तीही अशीच परिणामावरून कारणाकडे जाणारी एका वाक्याची गोष्ट आहे.

येथून पहिली कसोटी मिळते. कथेतील प्रत्येक दोन लगतच्या घटनांमध्ये 'नंतर', 'म्हणून' आणि 'तरीही' ह्यांपैकी कोणते अव्यय बसते, ते विद्यार्थ्याने समासात लिहावे. 'नंतर' केवळ काल दाखविते. 'म्हणून' कारण दाखविते. 'तरीही' ह्या अव्ययाचे महत्त्व मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. परिस्थिती एका दिशेला ढकलीत असता पात्र दुसऱ्या दिशेला जाते, तेथे 'तरीही' येते. म्हणजेच तेथे पात्राची इच्छा कथानकात प्रवेश करते. एक रात्र पुरणार नाही हे उघड असता 'तरीही' पांडव काम आरंभितात. आख्यायिकेत हे अव्यय उच्चारलेले नाही, पण ते काढून घेतले तर तिच्यातील मानवी अंश जातो आणि उरते ते केवळ अपुऱ्या बांधकामाचे स्पष्टीकरण. ज्या कथेच्या समासात सर्वत्र 'नंतर' पडते, ती बहुधा वृत्तांत असते. सर्वत्र 'म्हणून' पडते, ती यंत्रवत् होण्याचा संभव असतो.

४. बदलापूर : लोप आणि क्रम

दिनांक २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस अतिवृष्टी व उल्हास नदीचा पूर ह्यांमुळे बदलापूर व वांगणी ह्या स्थानकांच्या दरम्यान अडकली. गाडीभोवती पाणी पसरले. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि इतर यंत्रणांनी गाडीतील सुमारे १,०५० प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. ही घटना त्या परिसरातील लोकांच्या स्मरणात ताजी आहे आणि ती सांगण्याच्या निरनिराळ्या रीती तेथे ऐकावयास मिळतात.

वृत्तपत्राने बातमी दिली तेव्हा सुटका प्रथम सांगितली व पाऊस नंतर. प्रवासी घरी आल्यावर स्थानकावर गाडीत चढल्यापासून सांगू लागतो. काठावर उभा असलेला ग्रामस्थ पहाटे पाण्यात उभी गाडी दिसली तेथून आरंभ करतो. घटनाक्रम एकच, मांडणी तीन. बातमी वाचणाऱ्यास परिणाम आधी हवा असतो. प्रवाशाच्या श्रोत्यास, तो समोर सुखरूप बसलेला असूनही, भीतीचा अनुभव हवा असतो. म्हणजे मांडणीचा क्रम हा वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उभा करावयाचा ह्यावर अवलंबून असतो.

आता ह्या प्रसंगाच्या आधारे, केवळ उदाहरणापुरती रचलेली, एक कथा घ्यावी. एक मनुष्य वडिलोपार्जित घराच्या विक्रीखतावर सही करण्यासाठी ह्या गाडीने कोल्हापूरला निघाला आहे. धाकटा भाऊ तेथे वाट पाहत आहे. गाडी थांबते, पाणी चढते, दिवे जातात. समोरच्या बाकावरील लहान मूल भिऊन रडू लागते. त्याला गप्प करण्यासाठी हा मनुष्य आपल्या गावच्या घरातील माडी, आड आणि परसातील आंबा ह्यांच्या गोष्टी रात्रभर सांगत राहतो. दिवस उजाडतो, बोटी येतात, तो बदलापुरास पोहोचतो. भावाचा दूरध्वनी येतो : "दादा, आज नाही जमले तर उद्या सही कर." तो म्हणतो, "उद्याही नको."

ह्या कथेतील मध्यवर्ती घटना कोणती, असे विचारले तर वर्गातील बहुतेक विद्यार्थी 'पूर' असे उत्तर देतील. येथे ॲरिस्टॉटलची कसोटी लावावी. ज्या भागाच्या असण्याने वा नसण्याने काही फरक पडत नाही, तो भाग समग्राचा खरा अवयव नव्हे, असे त्याने म्हटले आहे. बोटी काढून टाकल्या व पाणी आपोआप ओसरले असे मानले, तरी कथानक अबाधित राहते. पुराच्या जागी इंजिनातील बिघाड घातला, तर कथेतील भीती उणावते व मुलाच्या रडण्यास दुसरे निमित्त शोधावे लागते. पण कथा उभी राहते. मूल काढून टाकले मात्र, तर घराच्या गोष्टी सांगण्यास कोणी उरत नाही, आणि शेवटचा नकार निराधार होतो. म्हणजे ह्या कथेतील सर्वांत भव्य घटना ही कथानकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना नव्हे. घटनेचा आकार आणि तिचे कथानकातील वजन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव विद्यार्थ्याच्या मनात एकदा दृढ झाली, की सारांश लिहिण्याची सवय सुटू लागते. कारण सारांश नेहमी आकाराच्या मागे जातो.

त्यानंतर क्रम पालटून पाहावा. "उद्याही नको" हे वाक्य कथेच्या आरंभी ठेवले, तर वाचक 'पुढे काय होणार' असे न विचारता 'असे का झाले' असे विचारू लागतो. घटना त्याच राहतात, उत्कंठेची जात बदलते. विद्यार्थ्यांनी दोन्ही मांडण्या प्रत्यक्ष लिहून पाहाव्यात. पदव्युत्तर वर्गात असे लेखन बालिश मानण्याची एक रीत आहे. ती सोडणे हिताचे. सांधा कोठे आहे हे सुताराला लाकूड हाती घेतल्यावाचून समजत नाही.

५. उल्हासनगर : आरंभ आणि कर्तृत्व

तिसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी तळ उभारण्यात आला होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या तळावरील बराकींत आश्रय देण्यात आला. सुमारे एक लाख माणसे येथे वसली. दिनांक ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली व उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहराच्या भागांना आजही 'कॅम्प' हाच शब्द लावून क्रमांकाने ओळखले जाते. ह्या विस्थापनाचा अनुभव सुंदरी उत्तमचंदानी, पोपटी हिरानंदाणी, मोहन कल्पना आदी लेखकांच्या सिंधी साहित्यात उमटला आहे.

ह्या विस्थापनावर कथा लिहावयाची झाली तर ती कोठून सुरू करावी? कराचीच्या बंदरावर सुरू केली तर ती वियोगाची कथा होते. बराकीच्या मध्ये टांगलेल्या कापडी पडद्यापासून सुरू केली तर ती नव्या संसाराची कथा होते. नातवाने जुने घर विकावयास काढले त्या दिवशी सुरू केली तर ती स्मृतीची कथा होते. आरंभ, मध्य व अंत असलेले ते समग्र होय, ह्या ॲरिस्टॉटलच्या विधानाची विद्यार्थी पुष्कळदा थट्टा करतात. कशालाही आरंभ व अंत असतोच, असे त्यांना वाटते. परंतु जीवनात कोणत्याच गोष्टीला स्वतःचा असा आरंभ नसतो. आरंभबिंदू निवडणे हाच लेखकाचा पहिला अर्थनिर्णय होय, आणि विश्लेषकाने विचारावयाचे ते हे की, ह्या निवडीने काय आत आले व काय बाहेर राहिले.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. 'आम्ही येथे आलो', 'आम्हांला येथे यावे लागले' आणि 'आम्हांला येथे आणण्यात आले' ह्या तीन वाक्यांत घटना एकच आहे. पहिल्या वाक्यात निर्णय बोलणाऱ्याचा आहे. दुसऱ्यात सक्ती आहे, परंतु सक्ती करणारा दिसत नाही. तिसऱ्यात कर्ता कोणीतरी आहे, पण वाक्याने त्याला दडविले आहे. मराठी क्रियापदाच्या रूपांत कारणाची अशी सूक्ष्म वाटणी होत असते. एखाद्या कुटुंबातील आजोबा पहिले वाक्य वापरतात, आजी दुसरे, आणि कागदोपत्री तिसरे आढळते, असे दाखविणाऱ्या कथेत वरवर काहीच घडत नसले तरी कथानक असते. कारण तिच्यात एकाच घटनेच्या तीन कारणमीमांसा एकमेकींशी झगडत असतात. म्हणून चौथ्या प्रश्नासाठी विद्यार्थ्याने कथेतील निर्णायक वाक्यांच्या क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकाचा कर्ता कोण, तो दाखविला आहे की झाकला आहे, हे नोंदवावे.

६. चार प्रश्नांचे एकत्र उपयोजन

ह्या तयारीनंतर साहित्यकृतीकडे वळावे. बाबुराव बागूल ह्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही, त्याच नावाच्या १९६३ मधील कथासंग्रहातील कथा ह्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. रेल्वेतील नोकरीच्या निमित्ताने निवेदक गुजरातमधील उधना येथे येतो. तेथे राहावयास जागा मिळण्यासाठी तो आपली जात उघड करीत नाही. पुढे ती उघड होते व त्याला मारहाण होते. काशीनाथ हा त्याच्यासारखाच दलित सहकारी त्याला सोडवितो.

पाच घरांच्या आकृतीत ही कथा सहज बसेल, आणि तेवढ्यावर थांबल्यास तिच्यातील महत्त्वाचे सर्व निसटेल. क्रमाचा प्रश्न विचारला असता प्रथम लक्षात येते ते हे की, कथेचे गुपित तिच्या शीर्षकातच सांगून टाकले आहे. 'जात कळणार की नाही' ही उत्कंठा लेखकाला नको आहे. वाचकाला जे ठाऊक आहे ते भोवतालच्या पात्रांना ठाऊक नाही, ह्या विषमतेमुळे प्रत्येक साधा संवाद, प्रत्येक आदरातिथ्य, भयाने भारले जाते. दुव्याचा प्रश्न विचारला, की आदर वाढतो 'म्हणून' धोका वाढतो, अशी उलटी साखळी दिसते. सामान्य कथेत स्नेहाने संकट दूर होते. येथे स्नेहानेच ते जवळ येते. लोपाची कसोटी काशीनाथाला लावावी. तो नसता तरी जात उघड होऊ शकली असती. पण जात न लपविता वावरण्याचा दुसरा मार्ग कथेतून नाहीसा झाला असता, आणि निवेदकाची निवड ही निवड म्हणून दिसली नसती.

कर्तृत्वाच्या प्रश्नाने तर कथेचा गाभाच उघड होतो. शीर्षकातील 'चोरली' ह्या क्रियापदाने निवेदक गुन्ह्याचे कर्तृत्व स्वतःकडे घेतो. वस्तुतः जी गोष्ट जन्माने अंगावर लादली गेली ती लपविणे ही चोरी कशी होईल, आणि चोरी झालीच असेल तर कोणी कोणाचे काय चोरले, हा प्रश्न पहिल्या शब्दापासून पेरला जातो. कथेच्या अखेरीस मारहाणीचे कर्तृत्व समोरच्या माणसांवरून उचलून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या धर्मशास्त्राकडे नेले जाते. आरंभी आरोप 'मी' वर आहे, अंती तो व्यवस्थेवर आहे; कथानकाचा खरा प्रवास उधन्याचा नसून ह्या आरोपाच्या स्थलांतराचा आहे. ॲरिस्टॉटलने सांगितलेले अभिज्ञान, म्हणजे अज्ञानातून ज्ञानाकडे होणारे संक्रमण, येथे दुहेरी आहे : इतरांना निवेदकाची जात कळते, आणि त्या क्षणापासून मारणारे हात कोणाचे आहेत, हे कथा वाचकाला ओळखावयास लावते.

७. घटनाविरल कथा

ह्यावर एक आक्षेप संभवतो. हे प्रश्न घटनाप्रधान कथेला लागू पडतील. पण ज्या कथेत बाह्य घटना नाममात्र आहेत तिचे काय? हरिभाऊ आपटे ह्यांच्या स्फुट गोष्टींपासून ना. सी. फडके ह्यांनी पुरस्कारिलेल्या तंत्रशुद्ध कथेपर्यंत घटनेचे स्थान निश्चित होते. दिवाकर कृष्ण ह्यांनी पात्राच्या अंतरंगाकडे लक्ष वळविले, आणि १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे व व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या नवकथेने रचनेची जुनी चौकट मोडली. अशा कथांना कथानकच नसते, असे विधान तेव्हापासून वारंवार केले जाते.

हे विधान पारखून घ्यावयास हवे. नवकथेत दुवे नाहीसे झाले नाहीत, ते बदलले. बा. सी. मर्ढेकर ह्यांनी सौंदर्यरचनेची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन लयतत्त्वे सांगितली. समासात लिहावयाच्या अव्ययांच्या भाषेत सांगावयाचे तर 'नंतर', 'म्हणून' व 'तरीही' ह्यांच्या जोडीला येथे 'तसेच' आणि 'उलट' ही अव्यये येतात. एक प्रसंग दुसऱ्याचे कारण नसतो. तो त्याचा पडसाद असतो अथवा त्याला छेद देणारा असतो. लोपाची कसोटी येथेही चालते, फक्त मोडते ती साखळी नसून तोल असतो. चौकटीबाहेर राहतात ती व्यक्तिचित्रे. माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील लेखनावर कथानकाचा आराखडा लादणे म्हणजे माणूस सोडून त्याची सावली मोजणे होय. कथानक कोठे शोधू नये हे समजणे, हाही अध्यापनाचा भाग आहे.

८. वर्गातील योजना

वरील विवेचनाचा क्रम चार तासिकांत बसविता येतो. पहिल्या तासिकेत विद्यार्थ्यांनी आपापल्या गावची एक आख्यायिका आणावी व तिच्या दुव्यांची अव्यये लिहावीत. दुसऱ्या तासिकेत एका बातमीच्या दोन मांडण्या कराव्यात व कोणती घटना वगळली असता कथा कोसळते ते पाहावे. तिसऱ्या तासिकेत घरात सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या आठवणीचा आरंभबिंदू बदलून पाहावा आणि तिच्यातील क्रियापदांचे कर्ते नोंदवावेत. घरातील काही आठवणी सांगण्याजोग्या नसतात. म्हणून ह्या तासिकेत कोणावरही सक्ती करू नये व आठवणीच्या जागी काल्पनिक प्रसंग घेण्याची मोकळीक ठेवावी. चौथ्या तासिकेत नेमलेली कथा घ्यावी. ज्या वर्गात मराठी, सिंधी व हिंदी अशा भिन्न मातृभाषांचे विद्यार्थी एकत्र बसतात, तेथे तिसरी तासिका विशेष फलदायी ठरते. कारण सक्ती व स्वेच्छा ह्यांची वाटणी प्रत्येक भाषेचे क्रियापद निराळ्या रीतीने करते आणि त्या तुलनेतून कथेची भाषा अधिक स्पष्ट दिसते.

मूल्यमापनातही अनुरूप पालट करावा लागेल. 'कथानकाचे परीक्षण करा' ह्या व्यापक प्रश्नाऐवजी 'ह्या कथेतील अमुक घटना वगळल्यास काय बिघडेल ते सकारण लिहा' अथवा 'ही कथा अमुक प्रसंगापासून सुरू झाली असती तर तिच्या अर्थात कोणता पालट झाला असता' असे प्रश्न विचारले, तर सारांश लिहून उत्तर देता येणार नाही. प्रश्न सारांशाला वाव देत असेल तोवर विद्यार्थी सारांशच लिहीत राहणार.

कथानकाचे विश्लेषण ही केवळ परीक्षेपुरती विद्या नव्हे. वृत्तपत्र, चौकशी अहवाल, घरातील वृद्धांचे बोलणे, ह्या सर्वांत घटना जोडलेल्या असतात, काही वगळलेल्या असतात, कोठेतरी आरंभ केलेला असतो आणि कोणावर तरी कर्तृत्व ठेवलेले असते. 'पूर आला' आणि 'पाण्याची वाट अडविली गेली' ह्या दोन वाक्यांतील अंतर ज्याला कथेत ओळखता आले, त्याला ते कथेबाहेरही ओळखता येईल. ते ओळखावयाचे शिक्षण देण्यास लघुकथेइतके आटोपशीर साधन साहित्याच्या वर्गात दुसरे नाही.